आपल्याच आळीतला प्रवासी

गुणाजीकाका रस्त्याने चालताना तोंडाने घंटी वाजवतात. बघण्यासारखं काही आलं की एकदा "टिंग", म्हणजे थांबायचं. बघून झालं की "टिंग टिंग", म्हणजे निघायचं. सावंतवाडीच्या चितारआळीत याचं कुणाला काही वाटत नाही. पहिल्या दिवशी मला मात्र वाटलं, कारण ती घंटी माझ्यासाठीच वाजत होती.

मी नाशिकहून एकटीच आले होते. काकांच्या घराची माडी पाहुण्यांना राहायला मिळते, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. मालवण, वेंगुर्ला, झालंच तर आंबोली, असा माझा बेत होता. रिक्षातून उतरले तेव्हा काका दारातच उभे. उंच, काटकुळे, खांदा एका बाजूला किंचित कललेला. बसवर कंडक्टर होते, आख्खी नोकरी चामड्याची पिशवी त्या खांद्याला होती. माझा बेत ऐकून त्यांनी मान हलवली.

"मालवण खंय पळान जाता? आदी आळी बघ."

"आळी म्हणजे हीच ना? ही तर आत्ता बघितली, येताना."

"रिक्षेतसून?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विनातिकीट सापडले आहे. "रिक्षेतसून बघलेला धरूचा नाय."

त्यांच्या दोन भाषा आहेत. सूचना द्यायची तर पुस्तकी मराठी. "प्रवाशांनी पुढे सरकून घ्यावे," हे ते सकाळी घावणे वाढतानाही म्हणतात. बाकी सगळं मालवणीत. घावणे खाऊन झाले की चपला घालायच्या आणि निघायचं. गाडी, स्कूटर, सायकल, काहीही चालत नाही. निवृत्त झाल्यापासून ते स्वतः कुठल्याच वाहनात बसलेले नाहीत. भाच्याच्या लग्नाला कुडाळला जायचं होतं, तर पहाटे निघून चालत गेले आणि जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचले. भाचा अजून रागावलेला आहे.

आळी म्हटली तर लहानशीच. सरळ चाललं तर चहा निवायच्या आत संपेल. काकांबरोबर तिला दुपार पुरत नाही. "टिंग." एका पडवीत लाकडाची फळं वाळत घातलेली. आंबे, सीताफळं, काजूची बोंडं. खरी समजून एक कावळा चोच मारून गेला होता आणि काकांनी ती खूण मला कौतुकाने दाखवली. "टिंग." एका घरात पाळण्यावर टांगायची लाकडी पाखरं.

तिसऱ्या थांब्यावर मी स्वतःच थांबले. यंत्रावर पांगाऱ्याचं फिकट लाकूड गरगर फिरत होतं. कारागिराने लाखेची कांडी त्यावर नुसती टेकवली आणि ते लाकूड डोळ्यांसमोर तांबडं झालं. कडेपर्यंत, एकसारखं. मग केवड्याच्या पानाने दाबलं, तर त्यात आमचे चेहरे दिसायला लागले. मी आ वासून बघत होते. शेजारी बघितलं तर काकांचं तोंडही उघडं. रोज बघणारा माणूस, आणि श्वास रोखून उभा.

"काका, तुम्ही तर इथलेच. तुम्हाला अजून नवल वाटतं?"

"हयचो कसलो गो?" ते म्हणाले. "आख्खी नोकरी मी ह्या आळीत फक्त झोपाक इलंय. पयल्या गाडयेक जायचंय, शेवटच्या गाडयेन येयचंय. सगळी दारां बंद. लोकांका पणजी दाखवली, कोल्हापूर दाखवला. माझ्या शेजारी काय चलता, ता माका म्हायत नाय."

मालवण राहिलं, वेंगुर्ला राहिलं. मी आळीतच रमले. हळूहळू लोक मला नावाने हाक मारू लागले.

जायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एका निळ्या दारासमोरून आम्ही रोज न थांबता जात होतो. आत गंजिफा रंगवतात, असं मला समोरच्या दुकानात कळलं. गंजिफा म्हणजे खेळायची गोल पानं, हाताने चितारलेली. मी काकांना म्हटलं, आज इथे थांबू.

"हय थांबो नाय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. मी दार ढकललं. मग नाइलाजाने तेही आत आले.

आत गंजिफा रंगवणाऱ्या इंदूवहिनी चष्मा कपाळावर चढवून काम करत होत्या. रुपयाएवढ्या पानावर मासा, माशावर एकेक खवला. ब्रशाला केस होते की नाही, तेही दिसत नव्हतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले. खिडकीपाशी एक पाट रिकामा होता, म्हणून बसायला गेले.

"थंय नको गो," वहिनी पटकन म्हणाल्या. मग काकांकडे बघून जरा ओशाळल्या. "वत्सलाची जागा ती."

वत्सला म्हणजे काकांची बायको. काका निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी गेली. माडीवर तिचा फोटो आहे, पण काका तिच्याविषयी कधी बोलले नव्हते.

"ती हय रंगकामाक येता, इतक्या माका म्हायत होता," काका हळूच म्हणाले. "पण कधी बघूक नाय मी तिका रंगवताना. मी येयसर ती घराकच असायची."

"असतली नाय तर काय?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, ह्या खिडकेतसून आळीचा वळण दिसता. तुमचे खाकी कपडे वळणार दिसले, की ही ब्रश धुवान मागल्या दारान पळायची. तुमी फुडल्या दारात पोचासर चाय चुलीर. शेवटची गाडी येयसर मी तिच्यासाठी दिवो ठेवायचंय."

काकांनी चपला दारात काढल्या होत्या, तरी पंच्याने पाय पुसले आणि त्या पाटावर जाऊन बसले. गुडघे वर आले, खांदा भिंतीला टेकला. खिडकीतून ते वळणाकडे बघत राहिले. भर दुपार, वळणावर कुणी नव्हतं.

"बाय, तू हो फुडे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "मी हय मातसो बसतंय."

मी एकटी परत आले. चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला. काका संध्याकाळी आले. चहाचा कप घेताना दिसलं, उजव्या हाताच्या बोटांना तांबडा रंग लागला होता, आणि थोडा कपाळालाही.

"वैनीन ब्रश दिल्यान हातात," ते म्हणाले. "एक पान बिघडवलंय."

"रागावल्या का?"

"नाय." त्यांनी बोटांकडे बघितलं. "उद्या परत येवक सांगल्यान."