राठोड सरांचं प्रॅक्टिकल

आमचे राठोड सर हजेरी घ्यायचे तेव्हा नुसतं "यस सर" म्हणून भागत नसे. सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "तूच कशावरून?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी मारेगावच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान घेतलं ते निव्वळ आळसानं. नुसत्या गप्पा असतात, प्रॅक्टिकल नसतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. तो सांगणारा एकदा भेटू दे मला.

सर तसे अगदी गरीब स्वभावाचे. जवळच्याच तांड्यावर वाढलेले, पण मिरचीला हात लावायचे नाहीत. वऱ्हाडात जन्मून! कॅन्टीनवाला त्यांच्यापुरते फिक्के पोहे करायचा आणि वर विचारून घ्यायचा, "सर, हे पोहेच कशावरून?" आम्ही हसायचो, सर मात्र खरंच विचारात पडायचे.

पहिलं प्रकरण होतं, माणूस तोच आहे हे ओळखायचं कसं. सोयाबीन पेरलं तेव्हा सुरू झालं, ते कापूस वेचायला आला तरी संपेना. सर रोज आमच्याकडे उत्तर मागायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याचा निकाल सांगायचे. हीच तर भानगड होती.

पंकज म्हणाला, "आधारकार्ड, सर."

दुसऱ्या दिवशी सर पडलेल्या चेहऱ्यानं आले. "पंकज, तुहं उत्तर करून पाह्यलं. नाही जमलं. फोटो पाहून म्हनते, हा तं चोर दिसून राह्यला."

"कोन म्हनते, सर?"

सर फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच नव्हतं.

वैशालीनं आवाज सुचवला. सरांनी तोही करून पाहिला. शेजारी धावून आले म्हणे. मग मी आठवण सुचवली. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल असं काही सांगायचं! सर इतके खूश झाले, की माझी हजेरी त्यांनी काही न विचारता लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान खाली. "सारं सारं सांगतलं, पोरी. म्हनते, तुमाले हे कोनं सांगतलं?"

आमचं डोकं पार आउट. पंकजचं मत, सरांच्या अंगात येतं. माझं मत, ते आम्हाला वेड्यात काढतात. परीक्षा तोंडावर आली आणि बाकीची प्रकरणं कोरीच! नापास झाले तर बाबा कॉलेज बंद करून मला घरी बसवणार होते. शेवटी एका रविवारी मी सरळ भांडायलाच त्यांच्या घरी गेले.

ओट्यावर सरांची बायको मेथी निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत सर किराण्याची पिशवी घेऊन आले, आणि स्वतःच्याच फाटकाबाहेर उभे राहिले.

"कोन पाह्यजे?" काकूंनी त्यांना विचारलं.

"मी आहो. तुहा नवरा."

"कशावरून?"

अगं बाई! मी घरून घोकत आणलेलं भांडण जागीच विरलं. इतके दिवस सर आमच्याकडे काय मागत होते ते तेव्हा कळलं. काकू सरांना ओळखतच नव्हत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. आहे का एखादं नवीन उत्तर?

काकूच म्हणाल्या, "उन्हातून आले दिसता. कोनी बी असा, जेवून जा. तू बी बस वं, पोरी."

सर पाहुण्यासारखे भिंतीशी टेकून बसले. भाकरी, मेथी, ठेचा. काकूंनी माझ्या ताटात ठेचा वाढला, सरांच्या ताटाशी आल्या आणि वाटी मागे घेतली.

"तुमाले नको. तुमाले तिखट सोसत नाही."

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी हळूच विचारलं, "कशावरून?"

"घ्या! आता त्याले काय कशावरून?" काकू म्हणाल्या. "जेवा गुमान."

सर जेवले. डोळे पुसत जेवले, ठेचा न खाता.

सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, प्रकरण दुसरं. पंकजनं विचारलं, "सर, अन् पहिल्याचं उत्तर?"

"जमलं," सर म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले. त्या दिवशी नुसतं "यस सर" पुरलं.