पोशीरच्या बांधावरची उन्हाळी

उन्हाळी लागली तर डॉक्टरकडे जाऊ नका, माझ्याकडे या! म्हणजे त्या रविवारपर्यंत मी असंच सांगत होतो. लघवीला जळजळ? कोकमाचं सरबत, भरपूर साखर घालून, तीन पेले! बास! त्या रविवारी सकाळी मलाच लागली, तर तिन्ही पेले रिचवले.

"अहो, तुम्हाला मधुमेह आहे!" आमची चंद्रभागा ओरडली.

"मधुमेह वेगळा, उन्हाळी वेगळी. दोघांच्या हद्दी वेगळ्या!" मी खालापूरकडचा तलाठी. हद्दी मला कोण शिकवणार?

त्याच दिवशी हिरूच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, सोयरिकीसाठी पोशीरला मुलाचं घर बघायला जायचं होतं. मुलगा कमळाकर कर्जतला एका दवाखान्यात कंपाउंडर. हिरूनं त्याला पाहिलं आणि तेव्हापासून ती घरात गुणगुणत होती. निघताना मी बायकोला बजावलं, "मधुमेहाचं नाव काढायचं नाही! घराण्यात रोग म्हणून स्थळ हातचं जाईल."

मुलाचे वडील कोंडीराम. त्यांनी बसल्या बसल्या पुढे काय करावं? कोकमाचं सरबत! नको म्हणावं तर संशय. प्यालो. दहा मिनिटांत उठलो.

"जरा मागं जाऊन येतो."

घरामागे भाताचं शेत, बांधाला करवंदीची जाळी. तिच्याआड उभा राहिलो. चार थेंब, आणि डोळ्यांत पाणी! परत आलो तर दुसरा पेला तयार. पुन्हा उठलो. तिसऱ्या खेपेला कोंडीराम घाम पुसायला लागले. चौथ्या खेपेला मी बांधाशी पोचतोय तोच ते धावत आले आणि त्यांच्यामागे आख्खं घर!

"भाऊसाहेब, चारदा बांध बघितलात! तलाठ्याच्या नजरेतून काय सुटतंय व्हय?"

"अहो, तसं नाही..."

"कबूल हाय! दोन हात सरकवलाय, आमच्या बापानं! पण त्यापायी सोयरीक मोडू नका!"

मी जागच्या जागी नाचत होतो. "बांध गेला खड्ड्यात! मला उन्हाळी लागलीय हो! मधुमेह आहे मला, मधुमेह!"

चंद्रभागेनं कपाळावर हात मारला. पोरीचं लग्न मी माझ्याच तोंडानं मोडलं होतं! मला खरंच रडू आलं.

कमळाकर पुढे आला. "सकाळपासून सरबत किती झालं?"

"सहा पेले."

"ही नुसती उन्हाळी नाही, मामा. साखर वाढली की लघवीच्या जागी जंतू माजतात. तुम्ही त्यांचा पाहुणचार करताय! मूत्रपिंडापर्यंत गेलं म्हणजे? उद्या दवाखान्यात या."

कोंडीरामांनी हळूच माझा हात धरला. "भाऊसाहेब, बांधाचं तुमी बोलू नका, साखरेचं आमी बोलत नाय."

ठरलं लग्न! पेढे फिरले. ताट माझ्यासमोरून सरळ पुढे गेलं. जावयानं मात्र सासऱ्याला पहिला आहेर केला. एक रिकामी, स्वच्छ बाटली.

"उद्या सकाळची भरून आणा. आणि मामा, स्वतःचीच!"

याला कसं कळलं कोण जाणे! मी तर नुसतं चंद्रभागेकडे बघत होतो.