यादोरावांचा मागचा गडी

यादोराव देशमुखांच्या पुढ्यात उभे राहून त्यांच्याकडून कधीच काही मिळायचे नाही. संत्रे हवे असेल तर त्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे. मग ते मान न वळवता बगलेखालून संत्रे भिरकावायचे. "चीज पुढं फेकाची नसते, गुरुजी," हे त्यांनी मी शेजारी राहायला आलो त्याच दिवशी बजावले.

वडिलांनी मोर्शीच्या संत्र्यांच्या जिवावर त्यांना डॉक्टर व्हायला स्कॉटलंडला धाडले होते. डॉक्टरी तिथेच राहिली. यादोराव अमरावतीला परतले ते वाकडे नाक, चुरगळलेला कान आणि गोंड्याची मखमली टोपी घेऊन. स्कॉटलंडकडून इंग्लंडविरुद्ध रग्बी खेळल्याची ती टोपी! गावाने ती बँडवाल्याची ठरवली. लग्नसराईत एकजण सुपारी द्यायलाही येऊन गेला. एकदा दौऱ्यावरच्या डिप्टी कमिशनरसाहेबाने मात्र टोपी पाहून खुर्ची सोडली आणि शेकहँड केला. तेव्हापासून गाव जरा आवाज खाली ठेवून हसू लागले.

त्यांचा ध्यास एकच. अमरावतीचे पंधरा गडी उभे करायचे आणि अकोल्याच्या कापसाच्या जिनातल्या गोऱ्यांच्या टीमला हरवायचे. "आकोल्याले पाडल्याबिगर मी मरत नाई," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. रग्बीत चेंडू घेऊन पळायचे पुढे, पण हाताने फेकायचा तो मागच्या गड्याकडेच. आखाड्यातले पैलवान यायचे, एक दिवस टिकायचे. "काका, जाचं पुढं, तं मांगं काहून फेकता?" असे विचारायचे आणि लंगोट गुंडाळून घरी जायचे. पुढे विलायती चेंडू उसवला. मोच्याने तो मन लावून शिवला आणि छान गोल करून दिला. लांबटपणा हाच त्याला बिघाड वाटला. यादोराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोहळ्यावर सराव सुरू केला.

पंधरांतला एकच गडी पक्का होता : सुभद्राकाकी, त्यांची बायको. बाजारात रिवाजाप्रमाणे यादोराव पुढे, काकी दोन पावले मागे. यादोराव कोहळा घेऊन चालू लागायचे. काकी पदर खोचून म्हणायची, "हाये!" की कोहळा मागे यायचा. भर बाजारात, नऊवारीत, तिने एकही खाली पडू दिला नाही. माळणी विक्री सोडून बघत बसत.

एका थंडीत काकी तापाने गेली. आम्ही म्हटले, संपले आता रग्बी. तेरावे झाल्यावर पहिल्याच रविवारी यादोराव टोपी घालून बाजारात हजर. कोहळा घेतला, चालू लागले आणि सवयीने मागे टाकला. तो रस्त्यावर फुटला. कोणी हसले नाही. यादोराव वळलेही नाहीत. पाठमोरेच मागे सरकत दुकानाशी आले, चाचपून दुसरा कोहळा उचलला आणि चुरगळलेला कान टवकारून उभे राहिले.

मला धड पळता येत नाही, झेलता तर मुळीच येत नाही. पण ते तसे उभे राहिलेले मला बघवेना. गेलो, दोन पावले मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "हाये."

कोहळा छातीवर असा आदळला की डोळ्यांत पाणी आले. ते सगळे काही कोहळ्यामुळे नव्हते.

"धरला का?"

"धरला."

"मंग आकोल्याले कळवा, दोघं झालो म्हना."

आम्ही चालू लागलो, ते पुढे, मी मागे. फुलांच्या दुकानापाशी ते थांबले. मान वळवली नाही.

"अन् गुरुजी, जरा मोठ्यानं म्हनत जा. मले मांगं पाहाची सवय नाई."