गोलाला उणे तीन

फळाची आशा धरू नये, आपण आपलं कर्म करत राहावं, हे ऐकताना सगळेच माना डोलावतात. ते मैदानात उतरवून दाखवण्याचा मान मात्र आमच्या पाणीपुरवठा विभागाच्या फुटबॉल संघाला मिळाला.

साखळीतला शेवटचा सामना उरला होता. जिंकलो तर बाद फेरी, नाहीतर संघ बरखास्त आणि मैदानावर पाइप रचायचे, असा वरून हुकूम होता. (पाइप फाटकाबाहेर येऊनही पडले होते. विभागाचं दुसरं कोणतंही काम इतकं वेळेवर झाल्याची नोंद नाही.)

अशा आणीबाणीत संघाला नवे बूट न देता मूल्यमापन समिती दिली, ही दूरदृष्टीच म्हणायची. अध्यक्ष आमचे भांडारपाल. बावीस वर्षांत सहीशिवाय एक वायसर बाहेर जाऊ न दिलेला देवमाणूस! त्यांनी आधीचे सहा सामने अभ्यासले. आघाडीफळीचे एकूण गोल दोन, त्यांपैकी एक वाऱ्याने.

मग गुणांचा तक्ता ठरला. जाळ्याच्या दिशेने धाव घेतली, दोन गुण. चेंडू खांबाला लागला, पाच (खांब जाळ्यापेक्षा फारच अरुंद, तेव्हा नेमबाजीचं कौतुक नको का?). हताश होऊन डोक्याला हात लावला तर एक. दोन्ही लावले तर दीड. गोलाला मात्र उणे तीन. कारण गोल झाला की चेंडू मध्यावर न्यावा लागतो, वर तो प्रतिपक्षाच्या हवाली करावा लागतो, आणि रंगात आलेलं आक्रमण जागच्या जागी बसतं. आक्रमणाचं सर्वांत मोठं नुकसान गोलानेच होतं, हे आजवर कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं समितीला अहवालात तीन पानं आश्चर्य वाटलं. साठ गुण जमतील तोच बाद फेरीत खेळणार, हेही ठरलं.

आमचा मुख्य आक्रमक म्हणजे मीटर-रीडर. अकरा वर्षं खेळतोय बिचारा, पण बाद फेरीचं तोंड पाहिलेलं नाही. त्याच्या आईने सांगून ठेवलं होतं, "बाद फेरीत खेळलास की येईन बघायला. नुसतं धावणं मी घरीही बघते."

शेवटचा सामना. शून्य-शून्य. दोन मिनिटं बाकी. चेंडू मीटर-रीडरच्या पायात, समोरचा गोलरक्षक घसरून आडवा, जाळं सताड उघडं! आमचे प्रशिक्षक आणि समितीचे नावापुरते सदस्य, म्हणजे निवृत्त प्लंबर काका, रेषेवरून ओरडले, "अरे मार की! मुहूर्त काढतोयस?"

"काका, माझे एकसष्ट झालेत! गोल केला तर अठ्ठावन्न!"

"गाढवा, नाही केलास तर बाद फेरीच नाही!"

"आणि केला तर त्यात मी नाही!"

काकांनी बोटांवर हिशेब करून पाहिला. तर्कात खोट नव्हती. (प्रतिपक्षाचे बचावपटूही ऐकायला थांबले होते.)

"मग दुसऱ्या कुणाला दे रे!"

मीटर-रीडरने आजूबाजूला पाहिलं. बाकीच्यांनी लगबगीने बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. शेवटी त्याने चेंडू खांबावर मारला. परत आला, परत मारला. असा चार वेळा. मग दोन्ही हात डोक्याला लावले आणि शिट्टी झाली.

सामना बरोबरीत, संघ बाहेर. अहवालात मात्र आमची आघाडीफळी सर्वोत्कृष्ट ठरली. साडेब्याऐंशी गुण मिळवून मीटर-रीडर पहिला, आणि बाद फेरीसाठी त्याची एकमताने निवड. बाद फेरीच्या दिवशी तो आईला घेऊन ठरल्या वेळी मैदानावर गेला. मायलेकरांनी पाइपांवर बसून डबा खाल्ला. "निवड तर झाली ना?" माउली त्याची पाठ थोपटत म्हणाली.

काकांनी रागाने समिती सोडली, तेव्हा तिथे एक जागा रिकामी आहे. पात्रता साधी आहे. उमेदवाराने कधी चेंडूला पाय लावलेला नसावा, आणि मीटर-रीडरने काय करायला हवं होतं, हे त्याला बसल्या जागी पक्कं ठाऊक असावं. मायबाप वाचकहो, आपली नेमणूक झाली आहे. सहीला या.