उजव्या पडद्याचं उद्यापन

माझ्या यजमानांच्या छातीच्या तळाशी जो श्वासाचा पडदा आहे, त्याच्या उजव्या बाजूने सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं, आणि हे आम्हाला पित्ताच्या पिशवीच्या ऑपरेशनाआधीच्या तपासणीत कळलं.

ध्यानात आलं ते भूल देणाऱ्या डॉक्टर ऋजुता खोपकरांच्या. ऑपरेशनाआधी त्या रुग्णाच्या खाटेशी चाकांवरचं छोटं सोनोग्राफीचं यंत्र आणतात, बरगडीखाली गार जेली लावतात आणि श्वास घेताना पडदा किती सरकतो ते मोजतात. जो पडदा आधीच कमी सरकतो, तो पोटाच्या ऑपरेशननंतर आणखीच बसतो. मग फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साठतो आणि माणूस श्वासाच्या यंत्रावर जातो. आमच्या यांचा उजवा पडदा सोमवारी आठ मिलिमीटर सरकला. मंगळवारी साडेपाच सेंटिमीटर. बुधवारपासून रविवारपर्यंतही तेवढाच. पुढच्या सोमवारी पुन्हा आठ मिलिमीटर.

"यंत्र बिघडलंय," हे म्हणाले. हे कऱ्हाडच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. जे वेळेवर येत नाही ते बिघडलेलं, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव.

"यंत्र ठीक आहे, देवस्थळीकाका. तुम्ही सोमवारी काही वेगळं करता का?"

"सोमवारी मी मिसळ खातो."

मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, बाकी सगळे वार नीट आणि सोमवारीच असं, म्हणजे उपास असणार."

ऋजुताताई हसल्या नाहीत. फॉर्मवर नजर फिरवून म्हणाल्या, "उपासाचा रकाना रुग्णासाठी आहे, पडद्यासाठी नाही. पण शेवटी 'इतर' आहे. विचारून घेऊ."

पडद्याला बोलता येत नाही, उचकी तेवढी देता येते. तेव्हा एक उचकी म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, असं त्यांनी आधी स्पष्ट करून सांगितलं आणि मग पडद्याकडे बघून विचारलं, "आपण व्रतस्थ आहात का?"

यांना एक उचकी लागली.

"किती सोमवार झाले?"

सोळा उचक्या आल्या. नवव्या उचकीला यांनी पाणी मागितलं. मी दिलं नाही, मोजणी चुकली असती.

"माझ्याच छातीत राहायचं आणि मला विचारायचंही नाही?" हे संतापले.

"व्रत काय विचारून धरतात? आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही भजी मागवली असती."

यांना एक उचकी लागली.

"बघा, त्यांचंही तेच म्हणणं आहे," मी म्हटलं. व्रतस्थाला मी अरेतुरे करत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना 'उजवे' म्हणू लागले. डाव्याला मात्र डावाच.

ऋजुताताईंनी पेन टेकवलं. "व्रत कशासाठी धरलंय?"

मी त्यांचा हात धरला. "ते नका विचारू. हेतू बोलून दाखवला की फळ उणावतं." त्यांनी तिथे एक छोटी आडवी रेघ मारली.

पण अडचण पुढेच होती. ऑपरेशन करणारे डॉक्टर घोरपडे आमच्या इस्पितळात फक्त सोमवारी येतात. यांचा खडा नळीच्या तोंडाशी अडकलेला, अंगात बारीक ताप, डोळे हळदीसारखे. येत्या सोमवारच्या पलीकडे थांबू नका, असं घोरपड्यांनी बजावलं होतं. आणि डावा पडदा तीस वर्षांच्या बिड्यांनी बसलेला. कसाबसा दोन सेंटिमीटर सरकायचा.

"त्या एकट्याच्या भरवशावर मी काकांना भूल देणार नाही, काकू," ऋजुताताई हळूच म्हणाल्या. "उजवीकडून श्वास मिळाला नाही, तर यंत्रावरून यांना परत आणणं कठीण जाईल."

एकतीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्या एकाही उपासाचं कौतुक केलं नाही. पण प्रत्येक वेळी रताळी मात्र न सांगता आणून ठेवली. असा माणूस मला यंत्रावर नको होता.

"येता सोमवार सतरावा," मी म्हटलं. "म्हणजे उद्यापनाचा. उद्यापन झालं की उपास सुटतो."

"मग करू की. काय लागतं त्याला?"

"सोळा दांपत्यं जेवायला."

त्यांनी लिहून घेतलं आणि थोडा विचार केला. "पडद्याचं जेवण म्हणजे श्वास. आणि प्रत्येक माणसात उजवा-डावा असे दोन पडदे जोडीने नांदतात. म्हणजे एक माणूस हेच एक दांपत्य. सोळा माणसं पुरतील. बरोबर?"

मुलगी चांगल्या घरची होती. मी म्हटलं, "बरोबर."

"पण चार सेंटिमीटरपेक्षा कमी सरकला तर जेवण झालं असं मी लिहिणार नाही. अर्धपोटी पाहुणा चालेल तुम्हाला?"

"छे हो, काहीतरीच!"

रविवारी मी खाटोखाट अक्षत दिली. कशाचं जेवण ते समजावून सांगितलं, कोणी नाही म्हटलं नाही. उदबत्तीला मात्र सिस्टर लोखंड्यांनी हरकत घेतली. "काकू, इथे ऑक्सिजन आहे. वॉर्ड उडाला तर सोळा माणसं कुठून आणाल?" तेही खरंच. मग मी सोनचाफ्याची फुलं आणली आणि खिडक्यांतून वाट्या मांडल्या, म्हणजे श्वासाला तोंडीलावणं झालं.

सोमवारी सकाळी सातला सगळ्या खिडक्या उघडल्या. यंत्र पंगतीतून फिरू लागलं. पाय मोडलेल्या पैलवानाने पहिल्याच श्वासात सात सेंटिमीटर घेतले आणि पुन्हा वाढायला सांगितलं. कोपऱ्यातल्या साळूबाई मात्र तोंडाला पदर लावून बसल्या. "मला नको बाई. मी घरनंच श्वास घेऊन आलेय."

"सगळीकडे असंच करतात," त्यांची सून म्हणाली, "आणि मग घरी येऊन माझ्याजवळ मागतात."

साळूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहत पाच सेंटिमीटर घेतले.

साडेआठपर्यंत सुनेसकट चौदा पानं उठली. पंधराव्या ऋजुताताई. त्यांनी स्वतःच्या बरगडीखाली यंत्र धरून स्वतःचं जेवण स्वतः नोंदवलं, पण सिस्टरांची साक्षीदार म्हणून सही घेतली. सोळावे एक हवालदार होते, त्यांना आदल्या संध्याकाळी घरी सोडलेलं. सिस्टर खुद्द दमेकरी, त्या तीनच्या पुढे जाईनात. मी यजमानीण, मला आधी जेवता येत नाही. वॉर्डात दुसरं कोणी उरलं नाही.

नऊ वाजता डॉक्टर घोरपडे आले, एक हात कोटाच्या बाहीत घालत. "रुग्णाला आत का नेलं नाही?"

"सर, एक पान रिकामं आहे," ऋजुताताई म्हणाल्या.

घोरपड्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. "माझ्या चार केसेस आहेत. मला जेवायला वेळ नाही."

"बसा तरी. पाहू, किती जातो ते."

ते उभ्याउभ्याच श्वास घेऊन मोकळे झाले. एक पूर्णांक दोन दशांश.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही याआधी पोटभर कधी घेतला होता?"

ते खुर्चीवर बसले. कोट काढून मांडीवर ठेवला. चाफ्याची वाटी मी त्यांच्या जवळ सरकवली. त्यांनी डोळे मिटले, आणि यंत्रावरची रेघ सावकाश खाली गेली: दोन, तीन, साडेचार.

"बरं वाटलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अजून आहे का?"

"भरपूर आहे," मी म्हटलं.

सोळा पानं झाली. ऋजुताताईंनी लगेच यांच्या बरगडीखाली यंत्र धरलं. "सर्व पाहुणे जेवले. आता आपण उपास सोडता का?"

दोन उचक्या.

त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र कारण कळलं. "पाहुणे वाटेला लागेपर्यंत यजमान पानावर बसत नाहीत. सोळावे पाहुणे अजून जायचेत."

"ते तर आता काकांच्या पोटात शिरणार आहेत," ऋजुताताई म्हणाल्या.

"मग तर प्रश्नच नाही. पाहुणा घरात वावरतोय आणि हे जेवायला बसलेत, असं कसं होईल?"

ऋजुताताईंनी विचारलं, "पाहुणे बाहेर पडल्यावर सोडाल?" एक उचकी आली. त्यांनी वेळ लिहिली. ऑपरेशन चालू असताना श्वास यंत्रच देतं, तेव्हा तेवढा धोका घेता येईल, असं त्या घोरपड्यांना म्हणाल्या. यांना आत नेलं. जाताना हे म्हणाले, "अगं, माझाही कालपासून उपास चाललाय. त्याचं कोणी उद्यापन करत नाही." मी हसले. दार लागल्यावर हसू टिकलं नाही.

मी जप करत बसले. किती माळा झाल्या ते ठाऊक नाही. साडेअकराला घोरपडे बाहेर आले, वाटाण्याएवढा खडा दाखवून पुढच्या केसकडे गेले. पाव तास झाला तरी ऋजुताताई येईनात. मग त्यांनी दारातून मलाच हाक मारली. हिरवा झगा घालून मी आत गेले. यांच्या तोंडात नळी होती. यंत्र छाती वरखाली करत होतं.

"औषधांचा अंमल उतरलाय, काकू. घोरपडे सर बाहेर पडून वीस मिनिटं झाली. पण उजवे आठच मिलिमीटर. दिलेला शब्द पाळत नाहीत. मी विचारलं, घेता का? तर दोन उचक्या."

"किती वेळा विचारलंत?"

"एकदा."

"अहो, एकदा विचारल्यावर कोण जेवतं?"

मी स्टूल ओढून यांच्या उजव्या कुशीशी बसले.

"उजवे, बसा बरं आता. सकाळपासून सगळ्यांची पोटं भरलीत, स्वतः तसेच. घ्या थोडा."

दोन उचक्या.

"नको म्हणतायत," ऋजुताताई कुजबुजल्या.

"नको म्हणायचंच असतं. घ्या हो, एवढासा तर आहे. चव बघण्यापुरता."

रेघ हलली. एक सेंटिमीटर.

"आता एकावर कोणी थांबतं का? बरं दिसत नाही ते. आणि तिकडे डावा एकटा पानावर बसलाय, त्याला संकोच वाटतो. त्याच्या सोबतीला म्हणून घ्या."

दोन. मग अडीच. यंत्राने एक श्वास द्यायचा वगळला, कारण त्याच्या आधीच यांनी घेतला होता.

"हा माझ्या नावाचा," मी म्हटलं. मी वाढत राहिले. "हा साळूबाईंच्या नावाचा. हा त्या पैलवानाचा. आणि आता हा शेवटचा, माझी शपथ आहे."

साडेतीन. चार.

"पुरे, काकू," ऋजुताताई म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणायचं. ज्याला पुरे होतं तो पानावर हात आडवा धरतो. तोवर वाढायचं असतं. घ्या, अजून एक."

पाच. साडेपाच.

तेव्हा यांनी डोळे न उघडता उजवा हात उचलला आणि छातीवर आडवा धरला.

मी थांबले. ऋजुताताईंनी नळी काढली. हे खोकले, आणि मग आपला आपण श्वास घेत राहिले. ऋजुताताईंनी घड्याळ पाहून फॉर्मवर लिहिलं: श्वास स्वतःचा. उजवी बाजू जेवली, बारा वाजून सात मिनिटांनी.