संगप्पाअण्णांचा मुखवटेवाला

चिटगुप्प्यात संगप्पाअण्णांकडून साखर घ्यायची तर आधी खुनी कोण ते सांगावं लागे. गिऱ्हाईक ओट्यावर आलं की अण्णा तराजू बाजूला सारून चित्रांचं इंग्रजी पुस्तक त्याच्यापुढे धरत. "ह्यो म्हातारा, का ती टोपीवाली? नीट बघून सांग." चुकलं तरी साखर मिळे, पण "तू फौजदार झालास तर चोर सुखानं नांदतील," हेही ऐकून घ्यावं लागे.

ही पुस्तकं सिकंदराबादेहून रद्दीत आली होती, पुड्या बांधायला. अण्णांनी पहिलं पान फाडायला घेतलं तर त्यावर एक मुखवटेवाला दोरीला लोंबकळत होता. तो पडतो कुठे हे बघायला त्यांनी पान उलटलं आणि धंदा बसला. तेव्हापासून गूळ पळसाच्या पानात आणि मिरची गिऱ्हाइकाच्या धोतराच्या सोग्यात.

इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, त्यामुळे ओट्यावरच्यांना गोष्ट सांगताना ते कुठेच अडत नसत. मुखवटेवाला कानडी बोले. फौजदार उर्दूत "ठैरो, कां जारैं?" म्हणून ओरडे. भुयारात शिरण्यापूर्वी दोघंही ज्वारीची भाकरी खाऊन घेत. "उपाशीपोटी मारामारी कोण करतंय?" अण्णा विचारत. माझं शिलाई मशीन त्यांच्याच ओट्यावर होतं. ऐकण्याच्या नादात मी एका पाटलाच्या सदऱ्याला उलट्या बाह्या लावून बसलो.

मग एका पुस्तकानं घात केला. चोरांनी एका पोरीला पडक्या किल्ल्यात डांबलेलं, किल्ल्याला आग लागलेली, मुखवटेवाला घोड्यावर, पण अजून लांब, आणि पुस्तक संपलं! पुढचा भाग रद्दीत नव्हता. अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते सिकंदराबादेला गेले, रद्दीचे ढीग उपसले आणि रिकाम्या हातांनी परतले.

पुढच्या बाजाराला ओटा माणसांनी भरला. माझी आई माझ्याजवळ काजं करत बसली होती. तिनंच विचारलं, "पोरगी वाचली का न्हाई, अण्णा?"

अण्णांनी तेच जुनं पुस्तक उघडलं, शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं, जरा घुटमळले आणि घोडा दौडवला. दार मोडलं. पोरगी बाहेर आली. तिच्या तोंडी अण्णांनी आजवर एक शब्द घातला नव्हता. आता ती बोलली, आणि चक्क औरादकडच्या मराठीत: "कवाधरनं वाट बघायले मी! इतका उशीर कामून केलाव?"

लोक खो खो हसले. आईची सुई मात्र थांबली. "ही तर गौराक्का बोलायलीय रं," ती हळूच म्हणाली.

गौराक्का म्हणजे अण्णांची बायको, औरादची लेक. ती तापानं गेली तेव्हा अण्णा मालासाठी हैदराबादेत होते. निरोप मिळून परतले तोवर सगळं उरकलं होतं.

"आलो न्हवं आता," मुखवटेवाल्यानंही कानडी सोडून पोरीला तिच्याच मराठीत सांगितलं, आणि तिला घोड्यावर घेतलं.

ओट्यावर टाळ्या चालल्या होत्या, आणि अण्णा डोळे पुसत, हसत, सगळ्यांना ओंजळी भरून फुटाणे वाटत होते.