डी ड्राइव्हात सातवी, ई ड्राइव्हात मालक

सुनेनं मिठाचा डबा हलवला तर बायडाबाई एकवेळ खपवून घेतील. पण न सांगता नवऱ्याचीच जागा हलवायची म्हणजे काय?

कळंब्यात त्यांचा म्हशींचा गोठा. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही म्हशींनी सवड दिली तेवढंच. तरी आपण कॉम्प्युटर चालवतो हे त्या दुधाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप ओतायच्या आधी ऐकवत. चालवायचा म्हणजे काय, तर पिवळ्या फोल्डरवर दोन टिचक्या, मग पहिल्या चौकोनावर दोन टिचक्या, की व्हिडिओत मालक हजर! चार वर्षांपूर्वी वारलेले पिराजीराव दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत फाटक्या आवाजाच्या बुलेटवर पुढं, आणि शिंगांत मोरपिसं खोचलेली चंद्री म्हैस घोडीसारखी धावत मागं. संध्याकाळी धारा झाल्या की बायडाबाई हात पुसून त्यांच्यासमोर बसत. सासूला शोधाशोध नको म्हणून पिवळं फोल्डर थेट ई ड्राइव्हला उघडेल असं सून संयोगितानंच करून दिलं होतं.

आणि तिनंच ते बदललं. ती शाळेत शिक्षिका. पाडव्याच्या आदल्या रात्री सातवीच्या प्रश्नपत्रिका करताना तिनं तेच फोल्डर डी ड्राइव्हला उघडेल असं केलं, आणि सांगायचं राहून गेलं.

पाडव्याला मुरगूडहून व्याही अमरसिंह सहकुटुंब आले. मालकांना बघायचंय म्हणाले. संयोगिता अंगणात चंद्रीची शिंगं रंगवत होती. तिला बोलवू का, असं व्याह्यांनी विचारलं. बायडाबाईंनी त्यांना नजरेनंच खाली बसवलं. कॉम्प्युटरला टीव्ही जोडलेला होताच. गल्लीला ऐकू जावं म्हणून आवाज शेवटापर्यंत चढवला आणि टिचक्या मारल्या.

पडद्यावर आलं : ‘प्रश्न १ ला. रिकाम्या जागा भरा.’

दुसरा चौकोन, तिसरा चौकोन. सगळीकडं सातवीच! मालकांचा आवाज असलेली जगात तेवढी एकच जागा होती.

“मालक गेलं,” म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारची शालूबाई डोक्यावर पदर घेत धावली आणि आधी रडली. कोण गेलं ते नंतर विचारलं. तोवर गल्लीतल्या तीन घरांनी गॅस बंद केले होते, आणि कोपऱ्यावरच्या केरबानं म्हशींच्या मिरवणुकीपुढचा बेंजो थांबवला होता.

“अगं पर, भावजीस्नी जाऊन चार वर्सं झाली की,” शालूबाई डोळे पुसत म्हणाली.

“तवा नुसतं वारलं हुतं. आज गेलं.”

संयोगिता रंगाच्या हातांनी आत आली. पडदा बघून तिचा चेहराच उतरला. तिनं ई ड्राइव्ह उघडला, पहिल्या चौकोनावर टिचक्या मारल्या. आणि पिराजीराव भिंती हादरवत गरजले, “चंद्रे, ये! खडी ऱ्हा!”

अंगणात दावं तुटल्याचा आवाज आला. एक शिंग लाल, एक तसंच कोरं, अशी चंद्री पायऱ्या चढून सोप्यात! व्याही पलंगावर चढले, चिवडा हवेत गेला. चंद्री मालकांनी शिकवल्याप्रमाणं पुढचे पाय उचलून खडी झाली आणि टीव्हीखालच्या कपाटावर खूर ठेवून थांबली. मग स्पीकरला नाक लावून लांब श्वास घेतला. बुलेट फटफटत लांब गेली, आवाज विरला. चंद्री खाली उतरली, मान वाकवून टीव्हीच्या मागं बघू लागली.

बायडाबाई तिच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. शेजारच्या अंगणात कुणीतरी बादली ठेवली, तेवढाच आवाज. आणि मग चंद्रीनं नव्या गालिच्यावर सावकाश शेण टाकलं.

“आत्या, आवाज तुमीच एवढा चढवलासा,” संयोगिता सासूला हळूच म्हणाली.

बायडाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि व्याह्यांच्या देखत निकाल दिला, “म्हशीला कळलं मालक कुठं ऱ्हात्यात. तू मास्तरीण असून मालकांस्नी हलवलंस. शेण तूच काढायचं.”